देशातली कोर्टं संपल्यावर: 'सीडॉ' समितीकडे तक्रार कशी करावी

आधी देश तपासा. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा १९७९चा करार म्हणजे 'सीडॉ', आणि तो पाळला जातो का यावर लक्ष ठेवणारी तज्ज्ञांची समिती म्हणजे 'सीडॉ' समिती. करार बहुतेक देशांनी स्वीकारला आहे, पण वैयक्तिक तक्रार चालते ती १९९९चा ऐच्छिक प्रोटोकॉल, म्हणजे त्याला जोडलेला वेगळा पूरक करारही मान्य केलेल्या देशाविरुद्धच. भारताने १९९३ साली करार मंजूर केला, प्रोटोकॉल नाही. अमेरिकेने दोन्ही मंजूर केलेले नाहीत. नेपाळ, बांगलादेश, जर्मनी, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनी केले आहेत. पासपोर्ट कुठला, हा प्रश्न येत नाही. त्या देशाच्या अधिकारक्षेत्रात असणं पुरतं. म्हणजे म्युनिकमध्ये नोकरी करणारी पुण्याची मुलगी जर्मनीविरुद्ध जाऊ शकते.

पुढची पायरी अवघड. त्या देशातले सगळे कायदेशीर मार्ग आधी वापरावे लागतात, आणि तिथेच 'स्त्री म्हणून भेदभाव झाला' हा मुद्दा लेखी मांडलेला असावा लागतो. हिजाबवरून बडतर्फ झालेली एक तुर्की शिक्षिका देशात खटला लढली, पण हा मुद्दा तिने तिथे काढलाच नव्हता. २००६ मध्ये समितीने तक्रार दाखल करून घेतली नाही. तेव्हा पहिल्या अर्जापासूनच वकिलाला हे वाक्य घालायला सांगा. खटला अवाजवी रेंगाळला असेल तर सूट मिळते, मात्र तारखांनिशी दाखवावं लागतं. 'उपयोग झाला नसता' एवढं म्हणून भागत नाही.

समितीकडचा अर्ज लेखी हवा, निनावी चालत नाही. नाव जाहीर करू नका अशी विनंती करता येते. सरकारला मात्र ते कळतंच. भाषा इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश किंवा रशियन. घटनाक्रम तारीखवार लिहा, निकालांच्या प्रती जोडा, दुसऱ्या कोणासाठी अर्ज करत असाल तर तिची लेखी संमती जोडा. कराराचं कलमही नेमकं सांगा: प्रसूती रजा व नोकरी ११, आरोग्य १२, ग्रामीण स्त्रिया १४. तेच प्रकरण दुसऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेकडे नेलेलं नसावं. जिवाला धोका असेल तर तातडीच्या अंतरिम उपायांची, म्हणजे निर्णय होईपर्यंतच्या संरक्षणाची मागणी अर्जातच करा.

सरकारला उत्तरासाठी सहा महिने मिळतात. निर्णयाला वर्षं लागतात. त्याची अंमलबजावणी करायला बेलीफ येत नाही. नेदरलँड्सने २००४ मध्ये स्वयंरोजगारी स्त्रियांचा प्रसूती भत्ता बंद केला. २०१४ मध्ये समितीने तो कलम ११चा भंग ठरवला. भरपाईची योजना आली ती २०१८ साली.