नेदरलँड्समध्ये स्कूटर घेताय? आधी ती लावायची कुठे ते वाचा

इकडे नवीन आलेले बरेच जण मला विचारतात, ताई, कार परवडत नाही, सायकलवर पाऊस-वारा झेपत नाही, सेकंडहँड मोपेड (इथे ताशी ४५ किमीपर्यंतच्या छोट्या स्कूटरला मोपेडच म्हणतात) घेऊ का. घ्या ना, जरूर घ्या. पण पुण्या-मुंबईहून पार्किंगचं जे ज्ञान आपण घेऊन येतो ते इथे बरोब्बर उलटं आहे आणि हे आधी कोणी सांगत नाही, दंडाचं पत्र घरी आलं की कळतं, म्हणून लिहितेय.

आपल्याकडे फुटपाथवर गाडी लावणं चूक, रस्त्याच्या कडेला पी-वन पी-टूची पाटी आणि तारीख बघून लावायची, नाहीतर टोईंगवाले उचलणार. इथे देशाच्या १९९० च्या वाहतूक नियमांत कलम २७ आहे, त्यात सरळ लिहिलंय की सायकल आणि मोपेड फुटपाथवर, पायवाटेवर, रस्त्याकडेच्या गवताच्या पट्ट्यात नाहीतर नगरपालिकेने ठरवून दिलेल्या जागी लावायची. म्हणजे कारच्या चौकोनात उभी केली तर चूक तुमची. मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं, फुटपाथ अडवायला नको म्हणून रिकाम्या कार पार्किंगमध्ये नीट लावली आणि दंड आला. हा नियम निळ्या नंबरप्लेटच्या, ताशी २५ किमीवाल्या मोपेडला (स्नॉरफीट्स) पण लागू आणि पिवळ्या प्लेटच्या, ताशी ४५ किमीवाल्या मोपेडला (ब्रॉमफीट्स) पण. आपली १२५ सीसीची स्कूटर मात्र इथे मोपेड नाही, मोटरसायकल धरतात, तिचं सगळं वेगळं.

आता फुटपाथवर लावा म्हटलं म्हणजे कशीही नाही हं. वाहतुकीच्या कायद्याचं कलम ५ म्हणतं की कोणाला धोका किंवा अडथळा होता कामा नये, आणि हे मनापासून पाळा. स्टेशनबाहेर फुटपाथवर रेघारेघांच्या उंच फरशांची एक पट्टी असते, अंध माणसं पांढऱ्या काठीचं टोक त्या रेघांवरून सरकवत चालतात. एकदा माझ्या डोळ्यांसमोर एका आजोबांची काठी अशी सरकत आली आणि टक्कन एका स्कूटरच्या चाकावर आपटली. ते थांबले, हाताने सीट चाचपली, हँडल चाचपलं, मग अंदाजाने बाजूला झाले आणि पट्टीच हरवून बसले. मी हात धरून त्यांना परत पट्टीवर आणून सोडलं. तेव्हापासून मी गाडी लावली की मागे वळून बघते, इथून व्हीलचेअर जाईल का, बाबागाडी जाईल का. भिंतीला किंवा कडेला अगदी चिकटवून लावा, कोणाच्या दाराला आणि उताराला सोडून.

पाट्या बघायची सवय लावा. निळी गोल पाटी, लाल काठ, लाल तिरकी रेघ आणि त्यावर सायकल-मोपेडचं चित्र असेल तर तिथे लावायची नाहीच. याशिवाय प्रत्येक नगरपालिकेचे स्वतःचे नियम असतात, चुकीच्या जागी असेल तर गाडी उचलून शहराबाहेरच्या डेपोत नेतात आणि पैसे भरून सोडवावी लागते. सायकलच्या स्टँडमध्ये घुसवण्याआधी तिथे स्कूटर चालते का ते वाचा, खूप ठिकाणी नाही चालत. बिल्डिंगच्या जिन्याखाली तर नकोच, आग लागली की तोच बाहेर पडायचा रस्ता असतो.

सेकंडहँड घेताना गाडीचं साल बघा, २०११ च्या आधीची पेट्रोलवरची असेल तर अ‍ॅमस्टरडॅम शहरात चालवताच येत नाही. हेल्मेट निळ्या प्लेटलाही १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे. भारतातलं लायसन्स नगरपालिकेत तुमची रहिवासी म्हणून नोंदणी झाल्यापासून १८५ दिवसच चालतं, मात्र ३० टक्के टॅक्स रूलिंग (परदेशातून नोकरीसाठी आणलेल्यांना मिळणारी करसवलत) असेल तर ते बदलून इथलं मिळतं, तेवढं आधीच करून घ्या.

आणि दोन महिने भारतात जाताय म्हणून इन्शुरन्स बंद करू नका, फुटपाथवर नुसती उभी असलेल्या मोपेडलाही तो लागतो, गाड्यांच्या नोंदणीचं सरकारी खातं हे रेकॉर्डवरूनच पकडतं. गाडीची नोंदणी तात्पुरती थांबवता येते, पण मग गाडी सार्वजनिक जागेत ठेवायची नाही, तळमजल्यावरच्या आपल्या सामानाच्या खोलीत आत ठेवायची. बाहेरच ठेवणार असाल तर एक चावी शेजाऱ्यांकडे देऊन जा, कारण रस्त्याचं काम निघालं की गल्लीत तारखा लिहिलेली पिवळी पाटी लागते आणि त्या तारखेला गाडी तिथून हलवावी लागते.