रविवारच्या लाँचची तयारी

मंडळी, येत्या रविवारी आपण घरातली सगळी लहानमोठी गेटवेहून घारापुरीच्या लाँचवर बसतोय. लेणी पाहून झाली तर झाली. मुख्य बेत आहे तो पाण्यावरच्या तासाभराचा: थोडं गप्प बसायचं आणि मुंबईत बांधलेल्या एका जहाजाची गोष्ट ऐकायची. खरं तर असा कार्यक्रम एखाद्या जुन्या जहाजावरच शोभला असता. पण आपल्या पिढीने शाळेच्या सहलीत जिच्यावर पाय ठेवला ती विक्रांत २०१४ मध्ये भंगारात गेली. तिच्या पोलादाचा अंश घालून बजाजने २०१६ मध्ये ज्या मोटारसायकली काढल्या, त्यातली एक आपल्या धाकट्या मामाकडे आहे. तेव्हा मामा, रविवारी सकाळी गाडी पुसून ठेवा. निघताना प्रत्येक मूल पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवून विक्रांतला भेटेल.

पहिली लाँच नऊच्या सुमारास सुटते, म्हणून साडेआठला गेटवेवर. घरून वडे-पुऱ्या खाऊन कुणी येऊ नये. उपमा किंवा दोन इडल्या पुरेत. आलेपाक मी आणते. मागच्या वर्षी माझी मोठी चूक झाली होती. कुठे तरी वाचून मी मुलांना म्हटलं, डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या. पाच मिनिटांत दोघांना मळमळायला लागलं आणि एकाची इडली माझ्या ओढणीवर आली. डोलत्या बोटीवर बसून डोळे मिटले की काहींचं पोट ढवळतं, हे कोकणात बोटीने जाणाऱ्या आमच्या आजीने फुकट सांगितलं असतं. यंदा डोळे उघडे, नजर लांब, जिथे पाणी आणि आकाश मिळतं तिथे. ज्यांना त्रास होतो त्यांनी खाली मधल्या बाकावर बसावं. वरच्या डेकवर वारा छान लागतो, पण डोलतंही तिथेच जास्त. प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक जुना टॉवेल माझ्याकडे असेल.

लाइफ जॅकेटवर चर्चा नको. डिसेंबर २०२४ मध्ये याच वाटेवर झालेला अपघात सगळ्यांना आठवतो. लाँच सुटण्याआधी मुलांचे पट्टे मोठ्यांनी स्वतः ओढून पाहायचे, आणि आजोबांनीही घालायचं. मोबाइल पिशवीत राहू देत. वाटेत नौदलाची जहाजं दिसतात, त्यांचे फोटो काढायचे नसतात.

मुलांपुढे ध्यान हा शब्द उच्चारू नका, लगेच पाठ ताठ करून हसायला लागतात. त्यांना काम द्या. लाकडी बाकावर तळहात टेकला की इंजिनाची थरथर कोपरापर्यंत चढते. ती कुठवर जाते ते शोधायला सांगा. किंवा एकच कुरव (सीगल पक्षी) निवडायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत सोडायचा नाही. कुरवांना शेव-गाठ्या टाकायच्या नाहीत, शेजारच्या कुटुंबाने टाकल्या तरी. तीन-चार मिनिटं गप्प बसली तरी मी खूश आहे.

गोष्ट आजोबा सांगणार. इंजिनाच्या आवाजात त्यांचा आवाज पोचत नाही, म्हणून जागा पुढे, इंजिनापासून लांब धरायची, आणि गोष्ट तुकड्यांत सांगायची. जहाज आहे ट्रिंकोमाली. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी ते सागवानात बांधलं. गंमत म्हणजे त्याचे नकाशे इंग्लंडहून घेऊन येणारं जहाज १८१२ मध्ये वाटेतच लढाईत गेलं आणि नकाशे पुन्हा मागवावे लागले. आजोबा, पहिला तुकडा इथे तोडा. नकाशे बुडाल्यावर काय केलं असेल, ते मुलांना सुचवू द्या. दुसऱ्या तुकड्यात चांदीचा खिळा: पारशी रीतीप्रमाणे तो जहाजाच्या तळकण्यात ठोकला होता. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतंय. ओकच्या जहाजांना कीड आणि कूज लवकर लागे, सागाच्या तेलामुळे ती लांब राहते. हे नुसतं सांगून मुलांना पटणार नाही, म्हणून काकू, माळ्यावरचा तुमचा मोडका सागवानी पाट घेऊन या. जरा घासला की अजून वास येतो. पाट हातोहात फिरवायचा, ज्याच्या हातात असेल त्याने पुढचं वाक्य सांगायचं. खिळा साधा लोखंडी चालेल, पण टोक बोथट करून आणा.

आजोबा, एक हात जोडून विनंती. रामदासची गोष्ट बोटीवर नको. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेल्या त्या बोटीवर सहाशेंहून जास्त माणसं गेली, आणि तुम्ही ती इतकी हुबेहूब सांगता की मागच्या वेळी शेजारच्या बाकावरच्या बाईंनी देवाचं नाव घेतलं होतं. घरी आल्यावर, रात्रीच्या जेवणानंतर, मोठ्या मुलांना जरूर सांगा.

परतीच्या लाँचवर काहीच ठरवलेलं नाही. मुलं मांडीवर झोपतील, तेव्हा चपला आणि टोप्या कुणी गोळा करायच्या ते आत्ताच सांगून ठेवा. गेल्या वर्षी एका पायात चप्पल घातलेला मुलगा गेटवेपासून चर्चगेटपर्यंत मीच कडेवर आणला होता.