अमली पदार्थ तपासणी साहित्याला कायदेशीर संरक्षण मिळावे म्हणून पुण्यातून निवेदन कसे करावे

अमली पदार्थाच्या पुडीत किंवा गोळीत नेमके काय आहे हे ओळखणाऱ्या पट्ट्या आणि रसायने वापरण्यास कायद्याचे संरक्षण मिळावे, अशी मागणी करू इच्छिणाऱ्या पुणे परिसरातील संस्था, डॉक्टर, समुपदेशक आणि पालक यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात हेतू स्वच्छ शब्दांत लिहावा. व्यसनमुक्ती हे ध्येय कायम आहे, परंतु जो आज सेवन करणारच आहे तो उद्या उपचार घेण्यासाठी जिवंत राहिला पाहिजे, म्हणून ही सोय हवी आहे. हे वाक्य आधी आले नाही, तर पुढचे काहीही वाचले जाणार नाही.

मसुदा लिहिण्यापूर्वी एनडीपीएस कायदा, म्हणजे गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, मुळातून वाचावा. अमेरिकेत अनेक राज्यांत तपासणीची पट्टीच ‘सेवनाचे साहित्य’ म्हणून बेकायदेशीर ठरत होती, त्यामुळे तिथली चळवळ पट्टी त्या यादीतून वगळण्यासाठी झाली, आणि एप्रिल २०२१ मध्ये संघीय निधीतूनही फेंटॅनिल (अफूच्या धर्तीचे, पण कितीतरी तीव्र कृत्रिम औषध) ओळखणाऱ्या पट्ट्या विकत घेण्यास मुभा मिळाली. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. आपल्या कायद्यात पट्टी बाळगणे हा स्वतंत्र गुन्हा नाही, पण पट्टीवर तपासायचा नमुना हाच प्रतिबंधित पदार्थ असल्याने तो हातात घेणारा कार्यकर्ता कलम ८ प्रमाणे ‘बाळगणारा’ ठरू शकतो, जागा देणाऱ्यावर कलम २५ येऊ शकते, मदत करणाऱ्यावर कलम २९ खाली चिथावणीचा आरोप होऊ शकतो आणि वापरलेली उपकरणे कलम ६० खाली जप्त होऊ शकतात. नमुना घेऊन येणाऱ्यावर सेवनाबद्दल तर कलम २७ आहेच, ज्यात पदार्थानुसार सहा महिने ते एक वर्षापर्यंतची कैद किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून केवळ ‘किट कायदेशीर करा’ असे लिहिलेले निवेदन आपल्याकडे निरुपयोगी आहे. संरक्षण मागायचे ते नमुन्याला, तो देणाऱ्याला आणि तो तपासणाऱ्याला.

याच कायद्यात दोन दारे उघडी आहेत आणि निवेदनाचा सगळा भार त्यांच्यावर ठेवावा. पहिले म्हणजे कलम ८ मधील बंदीला वैद्यकीय आणि वैज्ञानिक प्रयोजनाचा अपवाद आहे, मात्र तो कायद्यात, नियमांत किंवा आदेशांत सांगितलेल्या रीतीनेच मिळतो. दुसरे म्हणजे कलम ७१, ज्याखाली सरकारला व्यसनी व्यक्तींसाठी केंद्रे स्थापन करता येतात, त्यांना मान्यता देता येते आणि त्यांच्या कामकाजाचे नियम करता येतात. २०१४ च्या दुरुस्तीने या कलमात ‘व्यवस्थापन’ हा शब्द आला, तो आपल्या मागणीला थेट लागू पडतो. कलम ६४अ मात्र पुरेसे नाही, हे आवर्जून लिहावे. ते स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून वाचवते. पहिल्यांदाच गोळी हातात आलेल्या आणि घाबरलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला त्याचा काहीच उपयोग नाही.

सर्वांत भक्कम आधार एनडीपीएसच्या बाहेर आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २२ प्रमाणे, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी केलेली कृती, इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, गुन्हा ठरत नाही. सुईने नशा करणाऱ्यांना निर्जंतुक सुया देण्याचे काम याच संरक्षणाखाली येते. म्हणजे सेवन बेकायदेशीर ठेवूनही सेवनाचा धोका कमी करणाऱ्याला अभय देता येते, हे तत्त्व भारतीय संसदेने मान्य केलेले आहे. नेदरलँड्समध्ये १९९२ पासून अशी तपासणी चालते आणि न्यूझीलंडने डिसेंबर २०२० मध्ये तात्पुरता व २०२१ मध्ये कायमचा कायदा करून तिला मान्यता दिली. ही उदाहरणे दोन ओळींत द्यावीत, पण मुख्य युक्तिवाद घरच्याच कायद्यावर उभा करावा. परदेशी दाखल्यांनी भरलेले निवेदन मंत्रालयात कोणी गंभीरपणे घेत नाही.

साहित्याचे वर्णन अचूक असावे. फेंटॅनिलची पट्टी करोनाच्या घरगुती चाचणीच्या पट्टीसारखीच दिसते, पण तिचा अर्थ उलटा असतो. अत्यल्प नमुना पाण्यात विरघळवून पट्टीचे टोक त्यात बुडवले असता एकच रेघ उमटली तर फेंटॅनिल आढळले आणि दोन रेघा उमटल्या, दुसरी कितीही फिकट असली तरी, तर ते आढळले नाही. ही पट्टी प्रमाण सांगत नाही, फेंटॅनिलची सगळी भावंडे ओळखत नाही, आणि नमुना फार दाट असेल तर खोटा होकारही देते. पुण्यात चिंता प्रामुख्याने ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन या कृत्रिम उत्तेजक पदार्थाची आहे. ते फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएसच्या अनुसूचीत आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यापर्यंत माग काढून त्याचा प्रचंड साठा पकडला. म्हणून केवळ एका पट्टीवर न थांबता रंगबदल दाखवणारी रसायने आणि प्रयोगशाळेतील वर्णपटमापक यंत्रे (स्पेक्ट्रोमीटर), या सर्वांचा उल्लेख मागणीत हवा. रंगबदल दाखवणाऱ्या मार्क्विस या रसायनात तीव्र सल्फ्युरिक ऍसिड आणि फॉर्मल्डिहाइड असते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर ऍसिडच्या किरकोळ विक्रीवर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे अशी रसायने प्रशिक्षित व्यक्तीच्याच हाती राहतील, ही अट आपणच घालावी. पदार्थ जागेवर ओळखण्याची किट तपास यंत्रणांकडे पूर्वीपासून आहेत, हेही नमूद करावे.

मागणीचा मसुदा साधारण असा असावा: ‘शासनाने मान्यता दिलेल्या केंद्रात, प्रशिक्षित व्यक्तीने, केवळ घटक ओळखण्याच्या हेतूने अल्प नमुना स्वीकारणे, तपासणे व नष्ट करणे, तसेच त्यासाठी कोणी नमुना देणे, हा या अधिनियमाखाली अपराध समजला जाणार नाही, आणि अशा तपासणीचा निष्कर्ष नमुना देणाऱ्या व्यक्तीविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जाणार नाही.’ केंद्राने कोणताही पदार्थ ‘सुरक्षित’ असल्याचे सांगू नये, प्रत्येक तपासणीबरोबर समुपदेशन व्हावे आणि नाव-पत्ता नोंदवला जाऊ नये, या अटीही सोबत जोडाव्यात. नमुन्याचे कमाल वजन आकड्यात मागावे. मेफेड्रोनची ‘अल्प मात्रा’ कायद्याने २ ग्रॅम आहे. आपली मर्यादा त्याहून कितीतरी खाली, मिलिग्रॅममध्ये असावी, म्हणजे विक्रेते या सोयीचा गैरफायदा घेतील हा आक्षेप तिथेच संपतो.

निवेदन कोणाला द्यावे, इथे बहुतेकांची गल्लत होते. गांजा आणि हेरॉइनसारख्या पदार्थांबाबत कलम १० खाली राज्याला नियम करता येतात, पण मेफेड्रोन मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांत मोडते आणि त्याबाबतचा अधिकार कलम ९ खाली केंद्राकडे आहे. म्हणून एक निवेदन राज्याच्या गृह व सार्वजनिक आरोग्य विभागाला आणि दुसरे केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या महसूल विभागाला करावे. जिल्ह्यात पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण अशी तीन पोलीस कार्यक्षेत्रे आहेत. त्या सर्वांसमोर विषय यावा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील अमली पदार्थविषयक समन्वय समितीलाही प्रत द्यावी. प्रत्येक कार्यालयात आवक-जावक कक्षात दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी, कारण पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर चालतो.

आकडेवारी माहितीच्या अधिकारातून मिळवावी. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ‘तपासणी का केली जात नाही’ असे विचारू नये, कारण कार्यालयाकडे असलेली कागदपत्रेच मागता येतात. पुण्याच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे आलेल्या नमुन्यांपैकी किती नमुन्यांत फिर्यादीत लिहिलेल्या पदार्थाहून वेगळा पदार्थ निघाला, याची नोंद उपलब्ध असल्यास ती मागावी. हा एक आकडा दहा पानांच्या युक्तिवादापेक्षा अधिक बोलतो.

निवेदन देण्याआधी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील जाणत्या लोकांना भेटावे. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करते आहे, ससून रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात सेवनातून विषबाधा झालेले रुग्ण येतात, आणि भोसरीला एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. त्यांतील काहींना ही कल्पना पटणार नाही. त्यांचे आक्षेप लिहून घ्यावेत आणि निवेदनात त्यांना प्रामाणिक उत्तर द्यावे. लोकप्रतिनिधींशी बोलताना २०१५ च्या मालवणी दारूकांडाची आठवण करून द्यावी, ज्यात मिथाइल अल्कोहोलमुळे शंभरावर माणसे गेली. भेसळ आधी कळली असती तर ती वाचली असती, हे समजायला कोणत्याही पदवीची गरज नाही. आमदार तयार झाल्यास तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना मांडता येते. खासदाराला अशासकीय विधेयक आणता येते, किंवा लोकसभेत सादर करायच्या याचिकेवर प्रतिस्वाक्षरी करता येते.

नियम होईपर्यंत संस्थेच्या कोणीही प्रत्यक्ष नमुना हाताळू नये, पत्रकार परिषदेत प्रात्यक्षिक म्हणूनसुद्धा नाही. पट्टी कशी दिसते हे दाखवायचे असेल तर ती कोऱ्या पाण्यात बुडवून दाखवावी. पोच मिळाल्यापासून सहा आठवड्यांत उत्तर आले नाही, तर त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्यावे आणि निवेदनावर काय कार्यवाही झाली याच्या टिप्पणीची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी.