घेतलेली जुनी गाडी बंद पडली: डीलरकडे जाण्याआधीची तयारी

महिन्यापूर्वी घेतलेली सेकंडहँड गाडी ऐन संध्याकाळी पुण्याच्या चांदणी चौकात वाफा सोडत बंद पडली, की माणूस हमखास दोन गोष्टी करतो. डीलरला फोन लावून त्याचा उद्धार करतो आणि ओळखीच्या मेकॅनिकला इंजिन खोलायला सांगतो. फोनचं एक वेळ ठीक आहे, मेकॅनिकला मात्र थांबवा. पुढेमागे ग्राहक आयोगात जायची वेळ आली, तर हा बिघाड गाडी घेतली तेव्हाच आत होता हे तुम्हाला दाखवावं लागतं. इंजिन एकदा खोललेलं असलं की डीलरचं उत्तर ठरलेलं असतं: 'आमच्याकडून गेली तेव्हा चांगली होती, तुमच्या माणसानं वाट लावली.'

तेव्हा आधी जागेवरची तयारी. गाडी कडेला घेतली, त्रिकोण लावला की मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॅशबोर्डवर पेटलेले दिवे, किलोमीटरचा आकडा, तापमानाचा काटा, नंबरप्लेट आणि आजूबाजूची ओळखू येईल अशी एखादी खूण त्यात दिसू द्या. तापलेल्या इंजिनाला 'बघू सुरू होतंय का' म्हणून परत परत स्टार्टर मारू नका. त्यानं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकलं तर दोष कुणाचा या वादात तुमचीच बाजू लंगडी पडते. टोइंगवाल्याकडून पावती मागून घ्या, तिच्यावर तारीख आणि गाडीचा नंबर हवा. दोन ओळींची पावती, पण बिघाडाचा दिवस कुणी नाकारू शकत नाही तो तिच्यामुळे.

घरी पोचल्यावर जेवायच्या आधी करायचं काम म्हणजे जाहिरातीचे स्क्रीनशॉट. 'सिंगल ओनर, नॉन-अॅक्सिडेंट, शोरूम मेंटेन्ड, फक्त ४२,००० किमी' ही वाक्यं तुमच्या तक्रारीचा कणा आहेत आणि भांडणाचा वास लागला की जाहिरात गायब होते. स्क्रीनशॉटमध्ये वेबपानाचा पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं एक्स्पोर्ट करून मेलवर पाठवून ठेवा, पण मूळ फोनमधून काहीही पुसू नका आणि तो फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका. आयोगात पुराव्याचे नियम कोर्टाइतके काटेकोर लावत नाहीत. तरीही समोरच्यानं चॅटच खोटं म्हटलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

आता मुख्य प्रश्न: गाडी तुम्ही नेमकी कुणाकडून घेतली? इथं बहुतेकांची गाडी अडते. गाड्यांचा धंदा करणाऱ्याकडून घेतली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या बाजूला आहे. सोसायटीतल्या जोशीकाकांकडून त्यांची स्वतःची गाडी घेतली असेल तर काका व्यापारी नव्हेत; तिथं करार कायदा, मालविक्री कायदा आणि दिवाणी कोर्ट एवढाच रस्ता. नुसता मध्यस्थ म्हणून वावरणारा डीलर मात्र हुशार असतो. मालकी बदलाच्या (टीटीओ) कागदांवर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर, एका बाजूला मूळ मालकाची सही आणि दुसऱ्या बाजूला तुमची. डीलरचं नाव कुठेच नाही. वेळ आली की तो म्हणतो, 'मी फक्त ओळख करून दिली.' म्हणून त्याला व्यवहारात बांधणारा प्रत्येक चिटोरा गोळा करा: टोकनची पावती, त्याच्या फर्मच्या खात्यावर गेलेलं यूपीआय, डिलिव्हरी नोट, व्हिजिटिंग कार्ड, 'साहेब, उद्या गाडी घेऊन जा' असा मेसेज. कमिशन घेतलं असेल तर ती सेवा झाली, आणि सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यायचं असा केंद्राचा नियम आहे. मालकानं अशा डीलरच्या ताब्यात गाडी दिली की फॉर्म २९-सी भरून आरटीओला कळवायचं, आणि त्यानंतर डीलरच त्या गाडीचा मालक मानला जातो. तुमच्या डीलरला या दोन्ही कागदांची प्रत लेखी मागा. आल्या तर उत्तम. नाहीच आल्या तर मागितल्याचा मेल फाइलीला लावा.

यानंतर गाडीची तपासणी, आणि इथं हात आखडता घेऊ नका. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेऊन दुरुस्ती न करता फक्त तपासणी अहवाल मागा. 'इंजिन खराब' एवढ्यानं भागत नाही. नेमकं काय गेलंय, ते किती काळात होत आलं असावं, आणि खरेदीच्या वेळी अर्धा तास चालवून बघणाऱ्या साध्या माणसाला ते कळलं असतं का, ही तीन उत्तरं लेखी हवीत. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. मालविक्री कायदा १९३० च्या कलम १६ प्रमाणे त्या वस्तूचाच व्यापार करणाऱ्यानं विकलेला माल विकण्याजोग्या दर्जाचा असावा लागतो, पण तुम्ही माल तपासून घेतला असेल तर त्या तपासणीत दिसायलाच हवे होते अशा दोषांची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. गुळगुळीत टायर तुमच्या डोळ्यांसमोर होते. हेड गॅस्केटची, म्हणजे हेडखालच्या सीलची, गळती तात्पुरती बुजवून ठेवलेली असेल, तर ती तुमच्या डोळ्यांना कशी दिसणार?

त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा जुना सर्व्हिस इतिहासही मागा. दोन वर्षांपूर्वीच्या जॉबकार्डावर, म्हणजे सर्व्हिसच्या नोंदीच्या कागदावर, ७१,००० किलोमीटर आणि तुम्हाला देताना मीटरवर ४२,००० असेल तर प्रकरणाचा रंगच बदलतो. ती फसवणूक आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांकडेही जाता येतं. पुण्यात आणखी एक तपासणी करून घ्यावी. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या पुरात आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत गाड्या पाण्यात गेल्या होत्या. सीटचे रूळ गंजलेत का, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर टोकाला गाळाचा डाग आहे का, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक माती आहे का, हे मेकॅनिकला बघायला सांगा आणि फोटो काढा.

थोडं कडू बोलतो. नऊ वर्षांच्या गाडीची क्लचप्लेट गेली म्हणून आयोगात धावू नका. बॅटरी, ब्रेकपॅड, क्लच, टायर ही झिजणारी सामग्री आहे आणि बहुतेक वॉरंटीतून वगळलेलीही असते. डीलरनं दिलेली वॉरंटी बारीक अक्षरांसकट वाचा. इंजिन-गिअरबॉक्स धरलेलं असलं तरी 'आमच्याच वर्कशॉपमध्ये' आणि 'अमुक तासांत कळवलं तरच' अशा अटी असू शकतात. आणि जुनी गाडी इतक्या दिवसांत परत करायचा सर्वसाधारण हक्क आपल्याकडे कायद्यानं दिलेला नाही. विकणाऱ्या कंपनीनं स्वतःहून परतीची मुदत दिली असेल तरच तो मिळतो, आणि मग पहिल्या तासापासून घड्याळ बघावं लागतं. 'जशी आहे तशी' या ओळीखाली सही केली असेल तर बाजू कमजोर होते हे खरं, पण माहीत असलेली गोष्ट लपवली किंवा खोटी सांगितली असेल तर ती ओळ डीलरला वाचवत नाही.

एवढं हातात आलं की डीलरला पत्र. मेलनं आणि स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह, दोन्हीकडून. काय सांगितलं होतं, काय निघालं, अहवाल सोबत, गाडी अमुक ठिकाणी उभी आहे, येऊन तपासून जा, आणि पंधरा दिवसांत अमुक करा. मागणी एकच ठेवा: त्याच्या खर्चानं दुरुस्ती किंवा गाडी घेऊन पैसे परत. शिव्या, 'बघून घेईन', गूगलवर रिव्ह्यू टाकायच्या धमक्या यांतलं काही लिहू नका. तेच पत्र पुढे आयोगाच्या टेबलावर जाणार असतं. नोकरीमुळे गाडी अडवून ठेवणं शक्यच नसेल तर मुदत उलटल्यावर दुरुस्ती करा, पण खोलताना फोटो काढा, जुने पार्ट पोत्यात भरून घरी आणा आणि 'जुने भाग ग्राहकास परत' असं जॉबकार्डावर लिहून घ्या.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. ते आदेश देत नाहीत, मध्यस्थी करतात, पण नामवंत कंपनी असेल तर तेवढ्यानंही हालचाल होते. मग जिल्हा आयोग. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं. ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची. करारात 'वाद फक्त गुरुग्रामच्या न्यायालयात' असं छापलेलं असलं तरी तुम्ही पुण्यात राहता किंवा काम करता, म्हणून पुण्यात तक्रार करता येते. ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. निकालाला कायदा ३ महिने म्हणतो, मालाची तपासणी लागली तर ५. प्रत्यक्षात त्याहून लांबतं हे धरून चाला. गाडी धंद्यासाठी, टॅक्सीला वगैरे घेतली असेल तर स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवतो हे तक्रारीत स्पष्ट लिहा.

या सगळ्या गडबडीत दोन कागद मागे पडतात. गाडी नावावर झाली नसेल तर ती आधी करा. खरेदीदारानं आरटीओला ३० दिवसांत कळवायचं असतं, आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. तो केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. कर्जाचा हप्ताही रागाच्या भरात थांबवू नका, कारण बँकेचं आणि डीलरचं भांडण नाही, तुमचं आहे.

बरीचशी प्रकरणं अर्ध्या वाटेत मिटतात. डीलर फोन करतो, 'साहेब, निम्मे घ्या आणि विषय संपवा,' आणि एक कागद पुढे करतो. रक्कम पटत असेल तर जरूर घ्या, पण पैसे खात्यात दिसल्यावरच सही करा. आणि कागदावर 'या गाडीबाबत कोणतीही तक्रार राहिलेली नाही' असं असेल तर ते खोडून 'हेड गॅस्केटच्या बिघाडाबाबत' असं घालायला लावा. मीटरचं प्रकरण अजून बाहेर यायचं असेल, तर तो हक्क आजच सोडून देऊ नका.