युरोपला बोल्ट पाठवताय? कार्बनचा तक्ता भरताना या चुका टाळा

युरोपीय संघाचा कार्बन सीमाकर, म्हणजे ‘सीबॅम’, 1 जानेवारी 2026 पासून खऱ्या अर्थाने लागू झाला. त्याआधी सव्वादोन वर्षं फक्त माहिती द्यायची होती. कर भरतो तिकडचा आयातदार, पण मालामागच्या उत्सर्जनाचे आकडे आपल्याकडूनच जातात.

विजेचं बिल घेऊन बसणं. पोलाद आणि नट-बोल्टसारख्या वस्तूंसाठी विजेमागचं उत्सर्जन सध्या या करात धरत नाहीत. छपरावर सोलर बसवलंत, चांगलंच केलंत, पण हा आकडा त्याने हलत नाही. मोजायचं ते मुख्यतः वायर रॉडसोबत, म्हणजे बोल्टच्या कच्च्या मालासोबत, आलेलं उत्सर्जन.

खरा भार या रॉडचाच. झोतभट्टीतून आलेलं पोलाद टनामागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं; भंगार वितळवून केलेल्याचं प्रमाण खूप कमी. व्यापाऱ्याकडून रॉड घेतला आणि एमटीसी, म्हणजे पोलाद कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र, हरवलं, की तो कुठल्या कारखान्याचा हे सांगताच येत नाही. मग युरोपने ठरवून दिलेला आकडा लागतो, वर वाढीव टक्केवारी. म्हणून खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहा: हीट नंबरसह (पोलादाच्या घाण्याच्या क्रमांकासह) एमटीसी आणि त्या प्लांटचा सीबॅम आकडा. कंपनीच्या वार्षिक अहवालातली सरासरी चालत नाही.

शिवाय रॉड किती लागला ते धरा, बोल्ट किती भरले ते नव्हे. समजा, एक टन बोल्टला 1.1 टन रॉड लागला आणि त्याचं उत्सर्जन टनामागे 2.4 टन आहे, तर रॉडचेच 2.64 टन होतात. ही घट विसरलेले तक्ते मी सर्रास पाहतो.

‘आमचा माल दहाच टन’ म्हणून गाफील राहणं. 50 टनांची सूट आयातदाराच्या वर्षभराच्या एकूण मालावर आहे. तुमचे दहा टन इतरांच्या मालात मिळून मोजले जातात.

एचएस कोड, म्हणजे मालाचा आयात-निर्यातीतला वर्गीकरण क्रमांक, न पाहणं. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनो, 7307 खालची पाइप फिटिंग्ज यादीत आहेत, 7325 खालची इतर कास्टिंग्ज मूळ यादीत नाहीत. बोल्ट 7318 मध्ये, म्हणजे आहेतच.

ग्रीन स्टीलचे स्टार, म्हणजे कमी उत्सर्जनाच्या पोलादाला मिळणारं सरकारी मानांकन, जोडणं. भारत सरकारच्या 2024 च्या व्याख्येत टनाला 2.2 टनांखालचं पोलाद ‘ग्रीन’ ठरतं, पण त्यात वीजही मोजतात. तो आकडा जसाच्या तसा इथे टाकू नका.

पडताळणी करणारा माणूस कारखान्यात येऊन रॉडच्या खरेदीची बिलं आणि स्टॉक रजिस्टर मागेल. ती महिन्याच्या महिन्याला लावून ठेवा. 2026 च्या मालाचं विवरणपत्र आयातदाराला सप्टेंबर 2027 अखेरपर्यंत द्यायचं आहे.