कट्ट्यावर हातचलाखी करण्यापूर्वी

मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर संध्याकाळी हातचलाखीचे प्रयोग करायचे असतील, तर खिशात काय आहे हे तपासण्याआधी आपण उभे कुठे राहणार आहोत ते पाहावे. कट्ट्याकडे पाठ केली की मागची बाजू सुरक्षित झाली असे वाटते. पण त्याच कट्ट्यावर दोन्ही बाजूंना माणसे बसलेली असतात आणि बसलेल्या माणसाचे डोळे आपल्या पंज्याच्या पातळीला येतात, म्हणून दोन्हीकडे पुरेशी मोकळी जागा मिळेपर्यंत पुढे चालत राहावे.

मग उजेड पाहावा. समुद्र पश्चिमेला असल्यामुळे मावळतीचे ऊन पाठीमागून येते. मिटलेल्या बोटांत सूतभर फट राहिली तरी तिच्यातून उजेड डोकावतो, आणि नाणे जिथे दडवले आहे नेमक्या तिथेच तो अडतो. माझा एक प्रयोग असाच उघडा पडला होता. समोरच्या मुलीने काही न बोलता त्या बोटाकडे बोट दाखवले. तेव्हापासून सूर्य बुडाल्याशिवाय मी नाण्याला हात लावत नाही.

नाणे दहा रुपयांचे घ्यावे. त्याचा व्यास 27 मिलिमीटर असल्याने ते अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीखालची गादी यांच्यामध्ये सहज धरता येते. 2019 च्या मालिकेतले एक रुपयाचे नाणे 20 मिलिमीटरचे आहे, ते धरताना पंजा आवळावा लागतो आणि तो ताण बाजूने लगेच कळतो. नाणे उजव्या तळहातात असेल, तर धोका डावीकडच्या टोकाच्या माणसाकडून असतो, कारण तळहात त्याच्याकडे वळलेला असतो. अशा वेळी हात न हलवता सगळे अंगच थोडे डावीकडे वळवावे, म्हणजे तो माणूस समोर येतो. नाणे बोटांच्या मागे धरण्याचे प्रकार मात्र इथे यादीतून काढूनच टाकावेत.

आदल्या दिवशी घरी मोबाइल आधी छातीच्या उंचीवर, मग तीन फुटांवर, म्हणजे लहान मुलाच्या नजरेला, आणि शेवटी दोन्ही खांद्यांच्या रेषेत ठेवून संपूर्ण प्रयोग चित्रित करावा. आरसा पुरत नाही, कारण आरशात आपण स्वतःला फक्त समोरूनच पाहतो.

गर्दीने चहूबाजूंनी वेढलेच तर काय करायचे, हेही आधी ठरवावे. आपल्याकडचे रस्त्यावरचे जादूगार जमिनीवर बसून, वर मूठ असलेल्या तीन वाट्या घेऊन, गोलाकार गर्दीत खेळ करत आले आहेत. पालथी वाटी सगळ्या बाजूंनी सारखीच झाकते, ही त्या साधनाची खरी ताकद आहे. वाट्या नसतील तर उजव्या खिशात स्पंजचे दोन गोळे ठेवावेत. त्यांचा शेवट प्रेक्षकाच्या मिटलेल्या मुठीत होतो, आणि तोपर्यंत आपले दोन्ही हात रिकामे झालेले असतात.