पाळणाघरात मुलाला जुलाब लागले तर

पातळ शी दुसऱ्यांदा झाली की आई-बाबांना फोन करा आणि लगेच ओआरएस (पाण्यात कालवून पाजायची क्षार-साखरेची पावडर) सुरू करा. जुलाबापेक्षा अंगातलं पाणी कमी होणं जास्त घातक असतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती ओआरएस कालवताना. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं, छोटं २०० मिलीचं. पाकिटावर वाचूनच पाणी मोजा. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं तर क्षार जास्त होतात आणि बाळाला अपाय होतो. पाणी उकळून गार केलेलं हवं. वरून साखर किंवा सरबत घालू नका. झाकून ठेवा, २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली. वाटी-चमच्याने, घोट-घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग आणखी सावकाश पाजा. अंगावरचं दूध, मऊ भात, खिचडी चालूच राहू द्या; उपाशी ठेवल्याने मूल आणखी अशक्त होतं.

झिंकच्या (जस्ताच्या) गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून घरी गोळ्या मध्येच बंद होतात, तेव्हा पालकांना हे आवर्जून सांगा.

लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवा, मुलाचेही.

डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, काहीच पीत नाही, शीमध्ये रक्त दिसलं, तर वाट पाहू नका: दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा.